चौपन्न पायऱ्या आणि साडेसात किलोमीटर

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरील घरापर्यंत चौपन्न पायऱ्या आहेत आणि खालची मोकळी जागा रहिवाशांच्या दुचाकींनी केव्हाच व्यापली असल्याने सायकल घ्यायची तर ती घरातच ठेवावी लागणार, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. माझे कार्यालय मानपाड्याजवळ आहे. घोडबंदर रस्त्याने गेल्यास अंतर थोडे कमी पडते, परंतु मेट्रो ४ चे काम, अवजड वाहनांची रांग आणि मध्येच संपणारा सेवा रस्ता यांमुळे मी तो मार्ग लवकरच सोडला. आता कॅडबरी जंक्शनला महामार्ग ओलांडून वर्तकनगर, तेथून पोखरण रस्ता क्रमांक २ आणि वसंत विहारवरून मानपाडा असा साडेसात किलोमीटरचा रस्ता मी धरते. तो येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी जातो, त्यामुळे जाताना बराच वेळ हलका चढ लागतो. डोळ्यांना सहज दिसणारा नसला तरी पायांना तो बरोबर कळतो.

या दोन गोष्टी, म्हणजे घराचा जिना आणि रस्त्याचा चढ, सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की सायकल निवडताना प्रथम याच गोष्टींचा विचार करायला हवा होता आणि मी तो केला नव्हता. ज्या दुकानातून मी पहिली सायकल घेतली, तेथे मला ‘रोज ऑफिसला जायचे आहे’ एवढे वाक्य बोलून होण्याच्या आत पुढच्या चिमट्यात, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांत, धक्के शोषणारा शॉकअप असलेली, जाड खाचांच्या टायरची, २१ गिअरची सायकल दाखवण्यात आली. ‘आपल्याकडचे रस्ते पाहता हीच टिकेल,’ असे विक्रेता ठामपणे म्हणाला आणि तो युक्तिवाद मला पटला, कारण खड्डे मी रोज पाहत होते. सायकलचे वजन किती, असे विचारल्यावर ‘हलकीच आहे, अ‍ॅलॉय आहे’ असे उत्तर मिळाले. घरी आणल्यावर प्रवासी बॅगा जोखण्याचा हुक असलेला छोटा काटा सायकलच्या आडव्या दांडीला अडकवून आम्ही दोघांनी ती उचलून धरली, तेव्हा काट्यावर १७.८ किलो हा आकडा दिसला.

पहिले तीन आठवडे मी ती नेटाने चालवली. चौथ्या आठवड्यात आठवड्यातून तीनदा, मग दोनदा आणि पावसाळा लागल्यावर मुळीच नाही, असे होत गेले. मला सायकल चालवण्याचा कंटाळा आला, असे घरच्यांना वाटत होते आणि काही दिवस मलाही तसेच वाटले. प्रत्यक्षात मला कंटाळा येत होता तो सकाळी साडेआठ वाजता खांद्यावर कार्यालयाची पिशवी, एका हातात कुलूप आणि दुसऱ्या हातात जवळजवळ अठरा किलोंची, वळणावर भिंतीला घासणारी वस्तू घेऊन तीन मजले उतरण्याचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या रुंद हँडलने भिंतीचा रंग उडवला होता आणि तो ओरखडा अजून तेथे आहे.

माझ्या वडिलांची काळी, मोठ्या चाकांची, दांड्यांच्या ब्रेकची सायकल याहूनही जड होती. ते तिच्यावरून अनेक वर्षे वागळे इस्टेटमधील कारखान्यात जात असत आणि रविवारी मला पुढच्या दांडीवर लावलेल्या छोट्या सीटवर बसवून तलावपाळीला नेत असत. ती जड आहे, असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. आज विचार करताना त्याचे कारण उमगते. त्या वेळी आम्ही चराईत तळमजल्यावर राहत होतो आणि ती सायकल ओट्याला टेकवून ठेवलेली असे. त्यांना ती कधी उचलावीच लागली नाही. म्हणून कोणी मला ‘सायकल किती हलकी असावी’ असे विचारते तेव्हा मी प्रथम ‘तुम्ही कोणत्या मजल्यावर राहता आणि लिफ्टमध्ये सायकल मावते का’ असे विचारते.

सहा महिने बाल्कनीत पडून राहिल्यावर सायकलच्या मागील चाकाला आउट आला होता, म्हणजे ते फिरताना डुलत होते, म्हणून मी ती चराईतील एका वृद्ध कारागिराकडे नेली. चाक उलटे टांगून, एकेका तारेला चिमूटभर पीळ देत ते आउट काढत होते आणि मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. काम करता करताच त्यांनी विचारले, ‘ताई, ही गाडी घेऊन कुठे जाता?’ मी मार्ग सांगितला. त्यांनी पुढचे हँडल दोन्ही हातांनी खाली दाबले, शॉकअप चार बोटे खाली गेला आणि सावकाश वर आला. ‘वर्तकनगरच्या चढाला तुम्ही जोर लावला की तो पायडलमध्ये जायच्या आधी इथं जातो. डोंगरात उड्या मारायच्या असतील तर ही ठेवा, नाहीतर साध्या चिमट्याची घ्या.’ मी म्हटले, ‘काका, पण खड्डे?’ त्यावर त्यांनी टायरवर अंगठा दाबून दाखवला आणि म्हणाले, ‘खड्डा टायर खातो. त्याच्यात हवा नीट ठेवा म्हणजे झालं.’

त्या दहा मिनिटांत मला जे समजले, ते दुकानात समजले नव्हते. पुढे मी बरेच वाचले, तीन-चार दुकानांत जाऊन सायकली चालवून पाहिल्या, मित्रमंडळींच्या सायकली मागून आणल्या, आणि त्यातून माझे जे मत बनले ते सविस्तर मांडते.

वजनाबद्दल प्रथम प्रामाणिकपणे हिशेब मांडला पाहिजे, कारण सायकलच्या वजनाविषयी अतिशयोक्ती फार केली जाते. माझे वजन ६१ किलो, पिशवी व डबा मिळून चार किलो. जुन्या सायकलसह एकूण भार ८२.८ किलो होत होता. नंतर घेतलेली नवी सायकल ११.६ किलोंची आहे, म्हणजे एकूण ७६.६ किलो. फरक सहा किलोंहून किंचित जास्त, पण टक्केवारीत पाहिले तर साडेसात टक्केच. चढावर तेवढेच श्रम वाचतात. सपाट रस्त्यावर एकसमान वेगाने जाताना तर वजनाचा परिणाम फारच थोडा असतो. तेथे मुख्य विरोध हवेचा, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. तेव्हा अकरा किलोंची सायकल साडेदहा किलोंवर आणण्यासाठी दहा-पंधरा हजार रुपये जादा मोजणे शहरातील रोजच्या प्रवासासाठी मला मुळीच योग्य वाटत नाही. अठरावरून अकरा-बारावर येणे मात्र आयुष्य बदलणारे आहे. तो बदल जिन्यात, दाराशी आणि स्टँडवरून सायकल वळवून काढताना हाताला जाणवतो, आणि सायकल बाहेर काढायची की नाही याचा निर्णय सकाळी हातच घेतात.

मग रस्त्यावर नवी सायकल इतकी वेगळी का वाटते? केवळ साडेसात टक्क्यांनी एवढा आनंद मिळू शकत नाही. याचे उत्तर बऱ्याच अंशी चाकांत आहे. जुन्या सायकलचे २६ इंची, दोन इंचांहून रुंद, खोल खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर सतत गुणगुणत असत. तो आवाज म्हणजे माझ्या पायांतून निघून रबराच्या गोळ्यांत वाया जाणारी शक्ती होती. टायर फिरताना जमिनीशी दबतो आणि पुन्हा मूळ आकारात येतो. या दबण्या-उलगडण्यात ऊर्जा खर्च होते आणि रबर जितके जाड, तितका तो खर्च अधिक. खाचांचा उपयोग माती आणि चिखल यांना धरून ठेवण्यासाठी असतो, डांबराला त्यांची गरज नसते. ओल्या डांबरी रस्त्यावर सायकल घसरू नये म्हणून खोल नक्षी हवी, हा समज मोटारींवरून आला आहे. सायकलचा टायर इतका अरुंद आणि गोलसर असतो की पाणी त्याच्याखालून आपोआप बाजूला सरते. घसरण्याचा धोका असतो तो गटारांची लोखंडी झाकणे, रंगवलेले पट्टे आणि शेवाळलेले पेव्हर ब्लॉक यांच्यावर, आणि तेथे खाचाही वाचवत नाहीत.

चाकाच्या कडेला असलेल्या वजनाची आणखी एक गोष्ट आहे. वेग घेताना रिम आणि टायर यांना सायकलबरोबर पुढे तर जावे लागतेच, शिवाय स्वतःभोवती फिरूही लागावे लागते. त्यामुळे तेथील प्रत्येक ग्रॅम वेग घेताना जवळजवळ दुप्पट मोजला जातो. एकदा वेग मिळाला की हा फरक उरत नाही. परंतु शहरात आपण सतत वेग घेतच असतो. कॅडबरी जंक्शन ते मानपाडा या टप्प्यात सिग्नल, गतिरोधक, अचानक थांबलेली रिक्षा, रस्ता ओलांडणारे शाळकरी मुलगे असे मिळून मी किमान पंधरा वेळा थांबते किंवा थांबल्यासारखी होते. सिग्नल सुटल्यावरची पहिली दहा पायडले कशी जातात, यावर शहरातील सायकलची सगळी मजा अवलंबून आहे, असे माझे ठाम मत आहे. दुकानात सायकल चालवून पाहताना म्हणूनच लांब फेरी मारण्याऐवजी मी वीस-पंचवीस मीटरवर थांबत, पुन्हा निघत, पुन्हा थांबत चालवत असे. दुकानदारांना ते विचित्र वाटे, पण मला हवे ते त्यातूनच कळत असे.

माझ्या सध्याच्या सायकलला ७०० बाय ३२ आकाराचे टायर आहेत, म्हणजे रिमवरील टायरची बैठक ६२२ मिलिमीटर व्यासाची आणि टायरची रुंदी सुमारे ३२ मिलिमीटर. ठाण्याच्या रस्त्यांसाठी ३२ ते ३८ हा पट्टा मला सर्वांत समाधानकारक वाटतो. शर्यतीच्या सायकलींना असतात तसे २५ किंवा २८ रुंदीचे टायर मी एका मैत्रिणीच्या सायकलवर आठवडाभर वापरले. वेगाचा आनंद निर्विवाद होता, पण वसंत विहारकडे वळताना लागणाऱ्या गटाराच्या जाळीच्या फटीवरून जाताना दरवेळी श्वास रोखला जाई. रस्ता पाहावा की रहदारी, हा प्रश्न ज्या सायकलवर सतत पडतो, ती कितीही चपळ असली तरी कामाला जाण्यासाठी नव्हे.

हवेविषयी काकांनी जे सांगितले ते शब्दशः खरे निघाले. माझ्या वजनाला मागे ६५ आणि पुढे ५५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) एवढा दाब मी ठेवते, कारण शरीराचा बहुतांश भार मागच्या चाकावर असतो. दाब फार झाला तर प्रत्येक खडा मनगटापर्यंत पोहोचतो. कमी झाला तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटली जाऊन तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. असे दुहेरी छिद्र दिसले की काच किंवा खिळा शोधत बसू नये, हवा कमी होती हे समजावे. यासाठी दाब दाखवणारा उभा पंप घरी असणे मी आवश्यक मानते, कारण नुसत्या अंगठ्याने दहा पीएसआयचा फरक कळण्यासाठी काकांचा अंगठा लागतो. ट्यूबच्या व्हॉल्व्हकडेही खरेदी करतानाच पाहावे. मोटारसायकलला असतो तसा जाड व्हॉल्व्ह असेल तर रस्त्यावरील कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक, टोकाला छोटी चकती असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळेचा छोटा जोड कायम पिशवीत ठेवावा लागतो. मी तो दोनदा घरी विसरले आणि एकदा कापूरबावडीपासून सायकल ढकलत आणली, तेव्हापासून तो मी व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी कायमचाच लावून ठेवला आहे.

शॉकअपविषयी आणखी थोडे लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे ग्राहकाला सर्वांत जास्त भुरळ त्याचीच पडते. चांगला शॉकअप असतो, पण तो महाग असतो. पंधरा-वीस हजारांच्या सायकलला जो बसवलेला असतो, त्यात बहुधा एक पोलादी स्प्रिंग असते आणि तिची हालचाल आवरणारी कोणतीही धड व्यवस्था नसते. त्याचे वजन अडीच किलोंच्या आसपास, तर साध्या सरळ चिमट्याचे किलोभर. म्हणजे जास्तीच्या वजनापैकी दीड किलो केवळ येथे जाते. शिवाय दोन पावसाळ्यांनंतर आतले ग्रीस धुऊन जाऊन तो एका जागी अडकतो आणि मग उरतो तो फक्त जड चिमटा. माझ्या जुन्या सायकलचे नेमके असेच झाले होते.

गिअरच्या संख्येबाबतही अशीच फसगत होते. पुढे तीन आणि मागे सात चक्रे म्हणजे २१ गिअर हा गुणाकार बरोबर असला तरी त्यांतील अनेक जोड्या जवळजवळ सारख्याच निघतात, आणि काही जोड्यांत चेन इतकी तिरकी होते की त्या वापरूच नयेत. जुन्या सायकलवर मी पुढचे सर्वांत मोठे चक्र किती वेळा वापरले असेल, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. सध्याच्या सायकलला पुढे ४० दात्यांचे एकच चक्र आणि मागे ११ ते ३२ दात्यांची आठ चक्रे आहेत. मागील १६ दात्यांच्या चक्रावर चेन असताना पायडलच्या एका फेरीत मागचे चाक अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ७५ फेऱ्या मारल्या तर ताशी २४ किलोमीटरचा वेग मिळतो. याहून जास्त वेग मला शहरात क्वचितच हवा असतो. उलट टोकाला, ३२ दात्यांवर एका फेरीत २.७ मीटर अंतर कापले जाते आणि तेवढ्यावर मी उपवनहून येऊरचा चढही न उतरता चढते. तो चढ रविवारी मी केवळ आनंदासाठी चढते.

माझा धाकटा भाऊ नेरूळला राहतो. त्याने गिअर नसलेली, एकाच चक्राची, दहा किलोंची सायकल घेतली आणि तो तिच्यावर अतिशय समाधानी आहे. तिला बिघडण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. गिअरची वायर नाही, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर नाही, धुतली, तेल दिले की झाले. मीही तशीच घ्यावी म्हणून त्याने खूप आग्रह धरला आणि दोन रविवार ती सायकल मला वापरायला दिली. नेरूळ ते वाशीचा रस्ता बहुतांशी सपाट आणि तेथे ती इतकी शांत, इतकी तत्पर वाटली की माझा निर्णय जवळजवळ झालाच होता. मग मी ती ठाण्याला आणली आणि पोखरण रस्त्यावर नेली. चढावर मला उभे राहून पायडल मारावे लागले, कार्यालयात पोहोचले तेव्हा कुडता घामाने पाठीला चिकटला होता. परतताना उतारावर पाय नुसते गरगर फिरत होते. सायकलमध्ये दोष काहीही नव्हता, ती सपाट शहराची सायकल होती. नवी मुंबईतील बहुतेकांना मी आजही तीच सुचवीन.

मापाविषयी कोणतीही तडजोड करू नये, हे मी गुडघेदुखी सोसून शिकले. पहिली सायकल माझ्या उंचीला मोठी होती आणि जमिनीला पाय टेकावेत म्हणून सीट खाली करून दिली होती. त्यामुळे प्रत्येक फेरीत गुडघा गरजेपेक्षा जास्त वाकत असे. महिनाभरात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ठसठस सुरू झाली आणि मी त्याचा दोष वयाला दिला. योग्य पद्धत सोपी आहे. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, पाय किंचित अंतरावर ठेवून उभे राहावे, पुठ्ठ्याच्या बांधणीचे एखादे पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखे वरपर्यंत दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. माझे ७३ सेंटिमीटर भरले. याला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माझ्या बाबतीत ती साडेचौसष्ट सेंटिमीटर आली. हा आकडा अंतिम नाही, अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे करून पाहावे, पण आरंभ येथून केला तर मोठी चूक होत नाही. या उंचीवर सीट ठेवल्यावर थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकवावे लागतात. पहिले दोन दिवस भीती वाटते, नंतर ते अंगवळणी पडते. सीट वर घेतल्यापासून माझा गुडघा पुन्हा दुखलेला नाही.

स्त्रियांनी आडवी दांडी नसलेली सायकल घ्यावी का, हा प्रश्न मला मैत्रिणी नेहमी विचारतात. साडी नेसून सायकल चालवायची असेल तर अवश्य घ्यावी. पंजाबी ड्रेस किंवा पँट वापरणाऱ्यांना मात्र तिरकी, उतरती दांडी पुरेशी असते, आणि दांडी असलेला सांगाडा त्याच वजनात अधिक ताठ राहतो. शिवाय जिन्यावरून नेताना खांदा घालायला दांडीच कामी येते. अधिक महत्त्वाचे आहे ते चेनचे आवरण. उघड्या चेनमध्ये सलवारीचा काठ किंवा ओढणीचे टोक अडकणे हा गंभीर अपघात ठरू शकतो. माझ्या सायकलला पुढच्या चक्राबाहेर एक प्लास्टिकची गोल कडी आहे आणि उजव्या पायाला मी रुंद पट्टी बांधते. ओढणी पिशवीत ठेवण्याचा नियम मी आजवर मोडलेला नाही.

ब्रेकच्या बाबतीत माझा निर्णय सर्वांना लागू पडेल, असे मी म्हणणार नाही. मी रिमवर दाबणारे व्ही-ब्रेक घेतले, कारण ते वजनाला हलके, समजायला सोपे आणि कोणत्याही गल्लीत दुरुस्त होणारे आहेत. जून ते सप्टेंबर मात्र त्यांच्याशी जमवून घ्यावे लागते. रिम ओली असताना ब्रेक दाबल्यावर चाकाची पहिली फेरी पाणी पुसण्यातच जाते आणि मग पकड येते, त्यामुळे मी दहा-पंधरा पावले आधीच हलके दाबायला सुरुवात करते. रस्त्यावरची बारीक रेती रबरात रुतून बसते आणि अ‍ॅल्युमिनियमची रिम खरवडत राहते. शनिवारी टोकदार सुईने ते कण काढताना बोटांना काळा, चकाकणारा लगदा लागतो, तो खरे तर माझ्या रिमचाच चुरा असतो. एका पावसाळ्यात मला ब्रेकची रबरे दोनदा बदलावी लागली. जे लोक पावसाळ्यातही रोज, आणि विशेषतः उतारावरून, सायकल नेणार असतील त्यांनी अर्ध्या किलोची वाढ पत्करून, रिमऐवजी चाकाच्या मध्यावरील चकतीला पकडणारे डिस्क ब्रेक घ्यावेत, असेच मी सांगेन. दरवर्षी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात हा सल्ला मला देणे भाग आहे.

घडीच्या सायकलींचा विचार मी केला होता, परंतु त्या दिसतात तितक्या हलक्या नसतात. वीस इंची चाकांच्या बहुतेक सायकली बारा-तेरा किलोंच्या असतात. ज्यांना लोकल पकडायची आहे त्यांच्यासाठी त्या उत्तम, मला मध्ये लोकल पकडायची नाही. विजेवर चालणाऱ्या सायकली चढासाठी सोयीच्या आहेत आणि २५० वॉटपर्यंतच्या, ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेतील सायकलींना नोंदणीही लागत नाही, पण वीस किलोंची सायकल तिसऱ्या मजल्यावर नेणे मला शक्य नव्हते.

शेवटी मी घेतली ती अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची, सरळ चिमट्याची, सरळ हँडलची हायब्रिड सायकल, म्हणजे शर्यतीची आणि डोंगरातली यांच्या मधली. किंमत चोवीस हजार रुपये. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचे असते, पण त्याची ताठरताही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात कमी असते. म्हणून त्याच्या नळ्या अधिक जाड व्यासाच्या करतात. नळ्या जाड दिसल्या म्हणून सायकल जड आहे, असा समज करून घेऊ नये. हँडल ६० सेंटिमीटर रुंद आहे, जुन्या सायकलचे ७० होते. जिन्याच्या वळणावर आणि गोखले रस्त्यावरील उभ्या रिक्षांच्या फटीत या दहा सेंटिमीटरची किंमत कळते. ज्या दिवशी ती आणली त्या संध्याकाळी मी कोठेही जायचे नसताना राम मारुती रस्त्यापर्यंत गेले, तेथून तलावपाळीला आले, गडकरी रंगायतनवरून एक फेरी मारली आणि दुसरी, तिसरीही मारली. थांबून पुन्हा निघताना सायकल माझ्या पायाखालून पुढे सरकत होती, मागे ओढत नव्हती.

त्यानंतर अर्थात वजन वाढले, आणि याचा हिशेब प्रत्येकाने आधीच धरावा. पुढचे-मागचे मडगार्ड, कॅरियर, स्टँड, दिवे आणि चांगले कुलूप मिळून अडीच किलोंच्या जवळ जातात. मडगार्डवर कधीही काटकसर करू नये, कारण ते नसले तर पावसात पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटते आणि पुढच्या चाकाचे पाणी थेट चेनवर उडते. त्यासाठी सांगाड्याला मागच्या आसाजवळ आटे पाडलेली भोके आहेत ना, हे विकत घेण्यापूर्वी वाकून पाहावे. काही सुंदर, हलक्या सायकलींना ती नसतात. स्टँड मी दोन महिन्यांनी काढून टाकला. कुलूप जड घेतले, पण ते कार्यालयाच्या वाहनतळातील खांबालाच अडकवून ठेवते, रोज वाहून आणत नाही.

आता या सायकलला दोन पावसाळे झाले आहेत. चेनची प्रत्येक खीळ पुढच्या खिळीपासून बरोबर अर्ध्या इंचावर असते, म्हणून नव्या चेनचे चोवीस भाग पट्टीवर नेमके बारा इंच भरतात. झिजल्यावर ते लांबतात आणि एक सोळांश इंचाचा फरक दिसला की चेन बदलावी, नाहीतर ती मागची चक्रेही खाऊ लागते. गेल्या रविवारी बाल्कनीत पट्टी लावून पाहिली तेव्हा बाराची रेघ खिळीच्या मध्यातून सरकून तिच्या कडेला गेलेली दिसली. येत्या शनिवारी चराईत जाऊन काकांकडून नवी चेन बसवून घ्यायची आहे, आणि मागच्या चाकाला किंचित आउट आल्यासारखा वाटतो, तोही त्याच वेळी काढून घेईन.